अमेरिकेतील उपनगरी हायस्कूलच्या परंपरा: मुलीने त्यांत किती गुंतावे?

अंत्रुजकरीण (फोंडा) यांचा प्रश्न

नमस्कार. माझ्या यजमानांची त्यांच्या औषधनिर्मिती कंपनीने तीन वर्षांसाठी न्यू जर्सी राज्यात बदली केली असून जुलैच्या अखेरीस आम्हाला फोंड्याहून निघायचे आहे. आमची मुलगी यंदा नववी उत्तीर्ण झाली. ज्या उपनगरात आम्ही भाड्याने घर घेणार आहोत, तेथील हायस्कूलने नव्या पालकांसाठी पाठवलेले माहितीपत्रक मी तीनदा वाचले. विषय, वेळापत्रक, लसीकरणाचे दाखले, बसचा थांबा हे सारे समजले. परंतु त्या पत्रकाचा निम्म्याहून अधिक भाग होमकमिंग, स्पिरिट वीक, पेप रॅली, सीनियर नाइट, स्प्रिंग म्युझिकल, प्रॉम अशा गोष्टींनी व्यापलेला आहे, आणि त्यांतील एकीचाही अभ्यासाशी काय संबंध आहे हे मला उमगलेले नाही.

आमच्या वेळी शाळेत सरस्वतीपूजन असे, क्रीडादिन असे, डिसेंबरात स्नेहसंमेलन होई आणि दहावीच्या मुलांना एक छोटा निरोप दिला जाई. तेवढ्यात वर्ष संपे. येथे मात्र सप्टेंबरपासून जूनपर्यंत काही ना काही चालूच असते असे दिसते. मुलगी अभ्यासात चांगली आहे. शिगम्यात आमच्या वाड्याच्या रोमटामेळात, म्हणजे ढोल-ताशांच्या मिरवणुकीत, ती ताशा वाजवते आणि गणेश चवथीच्या आरतीला घुमट हे मातीचे तालवाद्य वाजवायला बसते, परंतु स्वभावाने अबोल आहे. या परंपरांत ती ओढली जाऊन अभ्यास मागे पडेल अशी भीती एकीकडे वाटते, आणि त्यांपासून दूर राहिल्याने ती तेथे एकटी पडेल अशी त्याहून मोठी भीती दुसरीकडे वाटते. ज्यांची मुले अशा शाळांत शिकली आहेत त्यांनी या गोष्टींचा अर्थ आणि त्यांवर होणारा खर्च समजावून सांगावा, आणि आईने यांत कुठपर्यंत हो म्हणावे तेही सांगावे, ही विनंती.

डिचोलीची माहेरवाशीण यांचे उत्तर

ताई, मी सोळा वर्षे न्यू जर्सीत आहे आणि माझी दोन्ही मुले तेथील उपनगरी सार्वजनिक हायस्कूलमधून बाहेर पडली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

होमकमिंग हा शब्द परका असला तरी त्यामागची कल्पना गोव्यातल्या माणसाला फार समजावून सांगावी लागू नये. मुंबईत, पुण्यात किंवा आखातात नोकरी करणारी आपली माणसे जशी ग्रामदेवतेच्या जत्रेला हटकून गावी येतात, तसे सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरमध्ये एका ठरलेल्या दिवशी शाळेचे जुने विद्यार्थी आपल्या शाळेच्या मैदानावर परततात. त्या दिवशी अमेरिकन फुटबॉलचा सामना असतो, गावातून छोटी मिरवणूक निघते, बारावीच्या मुलामुलींतून राजा आणि राणी निवडली जाते आणि पुढच्या संध्याकाळी शाळेच्या व्यायामशाळेत नृत्य असते. मिसुरी विद्यापीठाने १९११ साली कॅन्ससविरुद्धच्या सामन्यासाठी माजी विद्यार्थ्यांना घरी परत येण्याचे आवाहन केले आणि तेथून ही प्रथा पसरली असे सामान्यतः सांगितले जाते. आणखी काही विद्यापीठे हा मान स्वतःकडे मागतात. विद्यापीठांची ही रीत पुढे हायस्कुलांनी उचलली. होमकमिंगच्या आधीचे पाच दिवस म्हणजे स्पिरिट वीक. रोज एक वेगळा वेश ठरलेला असतो आणि शेवटच्या दिवशी सर्वांनी शाळेच्या रंगाचे कपडे घालायचे असतात. पेप रॅली म्हणजे सामन्याआधी सगळी शाळा एकत्र जमवून खेळाडूंचा उत्साह वाढवण्याचा तासाभराचा कार्यक्रम. या दोन्हींवर खर्च जवळजवळ नसतो आणि त्यांची काळजी करण्याचे कारण नाही.

सामने शुक्रवारी रात्री का असतात हे मला अनेक वर्षे ठाऊक नव्हते. शुक्रवारची संध्याकाळ ही हायस्कूलची, अशी तेथे फार जुनी समजूत आहे. ज्या वर्षी गोवा मुक्त झाला त्याच १९६१ साली अमेरिकेत क्रीडाप्रसारणाचा कायदा झाला आणि त्यात व्यावसायिक फुटबॉल संघांना प्रसारणाचे हक्क एकत्र विकण्यासाठी मिळणारी सवलत अशा रीतीने बांधली गेली की, हंगामात शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर त्यांचे सामने दूरचित्रवाणीवर दाखवून शाळांच्या मैदानावरचे प्रेक्षक ओढून घेता येऊ नयेत. एका गावच्या शाळेचे मैदान भरलेले राहावे म्हणून राष्ट्राच्या कायद्यात तरतूद आहे, हे कळल्यावर मी त्या सामन्यांकडे निराळ्या नजरेने पाहू लागले.

आता आपल्या मुलीविषयी. ती ताशा वाजवते हे आपण सहज लिहिले आहे, पण माझ्या मते आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यातच आहे. फुटबॉलच्या सामन्याच्या मध्यंतरात शाळेचा मार्चिंग बँड मैदानावर उतरतो, चालता चालता आकृत्या रचतो आणि वाजवतो. त्यातील तालवाद्यांचा एक स्वतंत्र ताफा असतो, त्याला ड्रमलाइन म्हणतात. पुढ्यात बांधलेला ढोल, तिरकी काठी, सर्वांचा हात एकाच क्षणी पडला पाहिजे ही शिस्त, हे सारे रोमटामेळात वाढलेल्या मुलीला नवे वाटणार नाही. तिला पाश्चात्त्य स्वरलेखन वाचता येत नसेल तर ते शिकावे लागेल, मात्र तालाच्या मुलांना ते लवकर साधते. सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की बँडचे शिबिर शाळा उघडण्यापूर्वी, ऑगस्टमध्येच, भरते. म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या दिवशी ती शाळेत पाऊल ठेवील तेव्हा तिच्या ओळखीची पन्नास तरी मुले तेथे असतील, आणि त्यांत अकरावी-बारावीतली मोठी मुलेही असतील. आपण जुलैअखेर पोहोचणार आहात, तर बँडच्या शिक्षकांना आजच पत्र लिहा.

हे मी इतक्या आग्रहाने सांगते, कारण थोरल्या मुलाच्या बाबतीत मी उलट वागले. तो नववीत गेला तेव्हा खेळ, बँड, नाटक हे सारे वेळ दवडणारे आहे असे मी ठरवून टाकले आणि त्याला केवळ गणिताच्या वरच्या वर्गात आणि परीक्षेच्या शिकवणीत गुंतवले. गुण उत्तम मिळाले. दोन वर्षांनी एका शिक्षिकेने मला सांगितले की तो रोज जेवणाच्या सुट्टीत ग्रंथालयाच्या कोपऱ्यात एकटा बसतो. वर्ग तासातासाला बदलत असल्याने तेथे आपल्यासारखी एका बाकावरची मैत्री होत नाही. मुलांची मैत्री वर्गाबाहेरच्या कामात होते आणि जेवणाचे टेबल त्यावरून ठरते. ही साधी गोष्ट मला वेळेवर कळली असती तर त्याची ती दोन वर्षे निराळी गेली असती.

धाकटीला मी अडवले नाही. ती नाटकात गेली आणि अभिनय न करता नेपथ्य आणि प्रकाशयोजना शिकली. वसंतातील म्युझिकल, म्हणजे शाळेचे संगीत नाटक, हा माझ्या दृष्टीने त्या शाळांचा सर्वांत सुंदर भाग आहे, आणि उत्सवी नाटकांवर पोसलेल्या आपल्या लोकांना तो जितका भावेल तितका तेथल्या इतर परदेशस्थांना भावेल असे मला वाटत नाही. डिचोलीत आमच्या देवळाच्या उत्सवात दुकानदार, शिक्षक, बागायतदार रात्र रात्र तालमी करून संगीत नाटक उभे करत असत. कोणी पडदा ओढी, कोणी पेटीवर बसे, कोणाच्या घरून शालू येई. तेथे तेच पाहिले. सोळा वर्षांची मुले लाकूड कापून जिना उभा करत होती, रंगमंचापुढच्या खड्ड्यात शाळेचाच वाद्यवृंद बसला होता, पालक प्रवेशद्वारावर तिकिटे फाडत होते आणि तिन्ही प्रयोगांना ज्यांची मुले त्या शाळेत नाहीत असे म्हातारे शेजारी येऊन बसले होते. शेवटच्या प्रयोगानंतर मुले मंचावर एकमेकांना धरून रडतात. मीही मागच्या रांगेत रडले, कारण मला माझे वडील आठवले, जे प्रत्येक उत्सवानंतर उतरवलेला पडदा स्वतःच्या हाताने घडी घालून ठेवत.

प्रॉम हे अकरावी-बारावीच्या मुलांसाठी वसंताच्या शेवटी असलेले औपचारिक नृत्य आणि जेवण. तेथे जोडीनेच गेले पाहिजे असा नियम नाही. हल्ली कित्येक मुली मैत्रिणींच्या घोळक्यात जातात. तिकीट, पोशाख आणि वाहन मिळून खर्च बराच वाढू शकतो, त्याची मर्यादा आपणच आधी ठरवावी. बँडचेही शुल्क असते आणि पालकांची मंडळे गाड्या धुण्यापासून मिठाई विकण्यापर्यंत अनेक मार्गांनी निधी जमवतात. ज्यांना शुल्क झेपत नाही त्यांना सवलत देण्याची सोय पुष्कळ शाळांत असते. त्यासाठी समुपदेशकाला शांतपणे विचारावे, त्यात लाजण्यासारखे काही नाही. सीनियर नाइटविषयी एवढेच सांगते की त्या रात्री संघातील किंवा बँडमधील बारावीचे प्रत्येक मूल आईवडिलांचा हात धरून मैदानाच्या मध्यापर्यंत चालत जाते आणि ध्वनिक्षेपकावर तिघांचीही नावे घेतली जातात. ती रात्र चुकवू नका.

पेडण्याचे निवृत्त शिक्षक यांचे उत्तर

माहेरवाशीण ताईंनी दिलेला जत्रेचा दाखला मला अत्यंत योग्य वाटला. मी पेडणे तालुक्यातील एका हायस्कुलात ३१ वर्षे इतिहास शिकवला आणि निवृत्तीनंतर तीन वेळा मुलाकडे अमेरिकेत राहिलो. तेथील हायस्कूल आणि त्याचे गाव यांचा संबंध पाहताना मला सतत आपल्याकडील देवस्थान आणि त्याचे महाजन, म्हणजे त्याचे वंशपरंपरागत सभासद, आठवत राहिले.

आपल्याकडील शाळा शिक्षण खात्याची असते किंवा एखाद्या संस्थेची असते, गावाची नसते. तेथे सार्वजनिक शाळा म्हणजे त्या त्या शालेय जिल्ह्याची शाळा. न्यू जर्सीत बहुतेक ठिकाणी तिचे मंडळ मतदानाने निवडले जाते आणि तिच्या खर्चाचा फार मोठा भाग त्या गावातील घरांवरच्या मालमत्ता करातून येतो. ज्याच्या घरात मूल नाही तोही हा कर भरतो. म्हणून शुक्रवारच्या सामन्याला सत्तर वर्षांचा शेजारी येऊन बसतो तेव्हा तो पाहुणा म्हणून आलेला नसतो. ताईंनी नाट्यगृहात पाहिलेले म्हातारे शेजारी याच हक्काने आले होते.

ही व्यवस्था फार जुनीही नाही. करातून चालणारे पहिले सार्वजनिक हायस्कूल बॉस्टन येथे १८२१ साली निघाले. हायस्कूलसाठी लोकांवर कर बसवता येतो की नाही हा वाद मिशिगन राज्यातील कॅलामझू गावातून त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १८७४ साली कर वैध ठरला. तरीही १९१० साली हायस्कूल पूर्ण करणारी अमेरिकन मुले शेकडा ९ च्या आसपास होती. १९४० पर्यंत तेच प्रमाण निम्म्यावर आले. तीस वर्षांत ज्यांच्या घरी कोणीही हायस्कुलात गेले नव्हते अशी लक्षावधी मुले, त्यांत युरोपातून आलेल्या स्थलांतरितांची मुलेही, एका छताखाली आली. त्यांना एकत्र बांधण्यासाठी शाळेचे रंग, शाळेचे गीत, शाळेचे चिन्ह आणि सामने हवेच होते. आपल्या गोव्यात लोकांच्या भाषेतील शिक्षण खेड्यापाड्यांत पोहोचले ते मुक्तीनंतर, पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात. माझ्या गावची प्राथमिक शाळा तेव्हा देवळाच्या मंडपात भरत असे, आणि ती आमची आहे ही भावना मी लहानपणी अनुभवलेली आहे. पुढे इमारत झाली, सोयी झाल्या, आणि ती भावना मात्र हळूहळू विरत गेली, याचे मला शिक्षक म्हणून दुःख आहे.

आणखी एक कारण मला जाणवते. १९६२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक शाळेत शासनाने ठरवलेली प्रार्थना म्हणवून घेणे घटनाबाह्य ठरवले. आपल्या सरस्वतीपूजनासारखे काही शाळेने स्वतः करणे तेथे शक्य नाही. देव शाळेबाहेर गेल्यावर त्याच्या जागी सामूहिक श्रद्धेचे काही तरी यावेच लागते, आणि शाळेचा रंग, ध्वज आणि गीत यांनी ती जागा घेतली असावी असे मला वाटते.

एक व्यावहारिक गोष्ट. रोज सकाळी तेथे ध्वजनिष्ठेची प्रतिज्ञा म्हटली जाते. ती १८९२ साली लिहिली गेली, परंतु कोणत्याही विद्यार्थ्याला ती म्हणण्याची सक्ती करता येत नाही असा निर्णय १९४३ सालीच झालेला आहे. आपली मुलगी त्या देशाची नागरिक नाही. तिने शांतपणे उभे राहून मान राखावा, शब्द म्हणू नयेत, तरी पुरेसे आहे. हे तिला आधीच सांगून ठेवा, म्हणजे पहिल्या दिवशी ती गोंधळणार नाही.

साखळीकर यांचे उत्तर

सरांविषयी पूर्ण आदर राखून एक दुरुस्ती आणि एक हरकत नोंदवतो.

दुरुस्ती अशी की होमकमिंग, शाळेचे रंग, पेप रॅली, प्रॉम या सगळ्या प्रथा १९६२ पूर्वीच हायस्कुलांत रुळल्या होत्या. ज्या काळात कित्येक शाळांत दिवसाची सुरुवात प्रार्थनेने किंवा बायबलच्या वाचनाने होत असे, त्याच काळात या प्रथाही भरात होत्या. त्यामुळे प्रार्थना गेली म्हणून त्या आल्या असे म्हणता येत नाही. सरांनी स्वतःच दिलेले १९१० ते १९४० या काळाचे कारण मला अधिक पटते.

हरकत मात्र अधिक महत्त्वाची आहे. देवस्थान आणि महाजन ही उपमा खरी आहे, आणि ती खरी आहे म्हणूनच तिचा दुसरा अर्धा भागही सांगितला पाहिजे. आपल्याकडे १९३३ च्या पोर्तुगीजकालीन नियमावलीने महाजनांची मांडणी पक्की केली आणि महाजनकी जन्माने चालत राहिली. जत्रेला सारे गाव येते, पण निर्णय कोणी घ्यायचा आणि पालखीला खांदा कोणी द्यायचा हे ठरलेले असते. अमेरिकन उपनगरात महाजनकी घराच्या पत्त्याने मिळते. ज्याला त्या हद्दीत घर घेणे किंवा भाडे भरणे परवडते त्याचेच मूल त्या शाळेत जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर ही उपनगरे वसली तेव्हा त्यांतील अनेकांत कृष्णवर्णीयांना घरे विकलीच जात नव्हती. १९५४ साली शाळांतील वर्णभेद बेकायदा ठरला, परंतु १९७४ साली डेट्रॉइटच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी असे ठरवले की, भोवतालच्या उपनगरांनी स्वतः भेदभाव केल्याचे सिद्ध झाल्याशिवाय शहराच्या शाळांतील भेद मिटवण्यासाठी त्या उपनगरांच्या शालेय जिल्ह्यांना सक्तीने सामील करून घेता येणार नाही. हद्दीची रेघ तेथे भिंतीसारखी उभी राहिली.

परंपराही या भिंतीपासून मुक्त नव्हत्या. जॉर्जिया राज्यातील विलकॉक्स परगण्यात गोऱ्या आणि काळ्या मुलांचे प्रॉम वेगवेगळे होत असत, कारण शाळा स्वतः प्रॉम भरवत नसे आणि पालक आपापले खासगी समारंभ करत. २०१३ साली तेथील विद्यार्थिनींनी पुढाकार घेऊन पहिले एकत्र प्रॉम घडवले. कित्येक शाळांची चिन्हे आणि नावे मूळ अमेरिकन जमातींच्या विडंबनावर उभी होती, आणि मेन राज्याने २०१९ साली कायदा करून सार्वजनिक शाळांत ती वापरण्यास बंदी घातली.

आपण ज्या न्यू जर्सीत जात आहात तेथे हा प्रश्न न्यायालयात वर्षानुवर्षे लढवला गेला आहे. गरीब शहरांतील शाळांना मिळणारा पैसा श्रीमंत उपनगरांच्या बरोबरीचा असला पाहिजे असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली दिला आणि राज्य सरकारला त्या शहरांसाठी निधी द्यावा लागला. मी तेथे चार वर्षे संशोधनासाठी होतो आणि एका मोठ्या शहराच्या कडेला राहत असे. माझ्या घरापासून दोन मैलांवर एक हायस्कूल असे होते की ज्याच्या मैदानावर कृत्रिम हिरवळ होती, आणि त्याच अंतरावर दुसऱ्या दिशेला असे की ज्याच्या बँडकडे गणवेश पुरे पडत नसत. त्या दुसऱ्या शाळेच्या तालवाद्यांचा ताफा मी आजवर ऐकलेल्या ताफ्यांत सर्वोत्तम होता.

मुलीने परंपरांत भाग घेऊ नये असे मी म्हणत नाही, घ्यावाच. मात्र परगावच्या सामन्याला ती बँडबरोबर बसने जाईल तेव्हा समोरच्या शाळेची इमारत, तिचे मैदान आणि तिच्या मुलांचे चेहरे तिने नीट पाहावेत आणि घरी आल्यावर आपण तिच्याशी त्याविषयी बोलावे, अशी विनंती आहे.

पेडण्याचे निवृत्त शिक्षक यांचे प्रत्युत्तर

साखळीकर, दुरुस्ती मान्य आहे. कालक्रम तपासायला हवा होता, आणि इतिहासाच्या शिक्षकाने तर हवाच होता. महाजनकीविषयी आपण लिहिले त्यावर मला अधिक काही म्हणायचे नाही, कारण ज्या मंडपात माझी शाळा भरत असे त्याच्या पायरीबाहेर बसून शिकलेली मुले मी पाहिली आहेत.

म्हापशाची मुलगी यांचे उत्तर

मी स्वतः दहावीत असताना म्हापशाहून न्यू जर्सीला गेले आणि तेथूनच बारावी पूर्ण केली. पालकांनी पुष्कळ लिहिले आहे, म्हणून मुलीच्या बाजूने थोडे लिहिते.

कागदपत्रांत नववीची गुणपत्रिका, त्याआधीच्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तके आणि शिकलेल्या विषयांची शाळेच्या सहीशिक्क्याची यादी जवळ ठेवावी. न्यू जर्सीत हायस्कूल पूर्ण केल्याच्या पदविकेसाठी किमान १२० क्रेडिट, म्हणजे उत्तीर्ण केलेल्या विषयांचे श्रेयांक, लागतात आणि इयत्ता कोणती द्यायची, गणित कोणत्या पायरीवर सुरू करायचे हे समुपदेशक ठरवतात. माझ्या बाबतीत येथील बीजगणित आणि भूमिती एकाच विषयात शिकवली जातात हे त्यांच्या ध्यानात आले नाही आणि मला वर्षभर शिकलेलेच गणित पुन्हा करावे लागले. आपण पाठ्यपुस्तकाची अनुक्रमणिका बरोबर न्या आणि पहिल्या भेटीतच दाखवा. पुढे भारतात पदवीसाठी परतायचे झाल्यास त्या पदविकेची समकक्षता दाखवावी लागू शकते. त्यासाठीही विषयांची निवड दहावीपासूनच विचारपूर्वक करावी.

पहिल्या आठवड्यात मला सर्वांत कठीण गेली ती जेवणाची वीस-पंचवीस मिनिटे. हातात डबा घेऊन मी भोजनगृहाच्या दारात उभी राहत असे आणि कोणत्या टेबलाकडे जावे ते कळत नसे. मी बँडमध्ये नव्हते. तिसऱ्या आठवड्यात वार्षिकांकाच्या गटात गेले, कारण मला छायाचित्रे काढता येत होती. वार्षिकांक म्हणजे इयरबुक, त्यात शाळेतील प्रत्येक मुलाचे चित्र आणि वर्षभराच्या घटना असतात. छायाचित्रे काढायची म्हणून मला प्रत्येक सामन्याला, नाटकाला आणि रॅलीला जावे लागले, आणि ज्या गोष्टी प्रेक्षक म्हणून मला परक्या वाटल्या असत्या त्या काम म्हणून ओळखीच्या झाल्या. मैदानावर कोणी मला तू कोण असे विचारले नाही, कारण माझ्या गळ्यात कॅमेरा होता.

प्रॉमला मी चार मैत्रिणींबरोबर गेले. आईची पैठणी नेसले होते. कोणी हसले नाही, दोघींनी पदर कसा लावतात ते विचारले. पदवीदानाच्या दिवशी टोपी आणि झगा घालून आम्ही फुटबॉलच्या मैदानावरच बसलो होतो. जी संथ धून वाजते ती एल्गार या इंग्रज संगीतकाराची १९०१ सालची आहे, आणि तिच्या तालावर चालताना पाय आपोआप सावकाश पडतात. चारशेहून अधिक मुलांची नावे एकेक करून वाचली गेली. माझे नाव उच्चारणाऱ्या शिक्षकांनी आदल्या दिवशी मला बोलावून ते तीन वेळा म्हणून घेतले होते. माझ्या म्हापशाच्या मैत्रिणींना दहावीचा निकाल मंडळाच्या संकेतस्थळावर एका क्षणात समजला, त्यांचे नाव कोणी असे मोठ्याने वाचले नाही, याचे मला त्या दिवशी वाईट वाटले.

अंत्रुजकरीण (फोंडा) यांचे प्रत्युत्तर

सर्वांचे मनापासून आभार. आपली उत्तरे मी मुलीला वाचून दाखवली. साखळीकरांनी लिहिलेला भाग तिने स्वतः पुन्हा एकदा वाचला आणि ज्या शाळेच्या ताफ्याकडे गणवेश पुरत नसत तिचे नाव काय असे विचारले. ते मला सांगता आले नाही.

बँडच्या शिक्षकांना काल पत्र गेले आणि आज सकाळी उत्तरही आले. त्यांनी तिला शिबिरासाठी बोलावले आहे, ताशा वाजवतानाची चित्रफीत मागवली आहे, आणि आणखी कोणती वाद्ये वाजवता येतात असे विचारले आहे. तिने घुमटाविषयी लिहिले तेव्हा शक्य असल्यास ते वाद्य घेऊन ये, मुलांना ऐकायला आवडेल असे त्यांनी कळवले. घरातील जुने घुमट घोरपडीच्या कातड्याचे आहे. तो प्राणी संरक्षित असल्याने ते देशाबाहेर नेण्याचा प्रश्नच नाही. हल्ली बकऱ्याच्या कातड्याची घुमटे मिळतात, तसे एक नवे घ्यावे असे ठरवले आहे. मातीचे भांडे इतक्या प्रवासात तडकू नये म्हणून ते कसे बांधावे, आणि ते विमानात हातातल्या सामानात नेऊ देतात का, याचा कोणाला प्रत्यक्ष अनुभव असल्यास कृपया कळवावे.